रोजची आखाजी

धुळ्यात डोक्याच्या डॉक्टरकडे बाकावर माझ्या शेजारी दोघं बोलत होते.

"काय होतंय, नाना?"

"आता काही नाही. गेल्या साली मी मेलो होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मला तसं पक्कं वाटायचं. मेलेला माणूस जेवेल कसा? ताट लोटून द्यायचो."

"मग?"

"बायको म्हणे, आखाजीच्या सणाले पितर जेवतस ना? मंग तुमी बी जेवा. रोज पितराचं ताट वाढायची. मेलेला असून तिसरी पोळी मागायचो मी!"

"मग जिवंत कसे झालात?"

"गोळ्या चालूच होत्या. एक दिवस भाजीत मीठ नव्हतं, मी ओरडलो. ती आनंदानं रडायलाच लागली."

"आता बरं आहे ना?"

"हो. पण अजून जेवताना माझ्या तोंडाकडे बघत बसते बिचारी. म्हणून मी मीठ असलं तरी ओरडतो."