चॅम्पियनचा कोट

थांबव. इथंच थांबव, ह्या चढाच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध. बाजूला कशाला घेतोस? ट्रायलमधी असंच असतंय — भर चढावर गाडी उभी करायला लावतात, मग पंच शिट्टी मारतो, आन् गाडी बोटभर मागं न सरकता उचलायची. सरकली की मार्क गेले. ओढ हँडब्रेक. हां. आता उचलायच्या आधी मागच्या सीटवरचा तो कोट घे आन् अंगात घाल. अरं घाल की, चावत न्हाय तो. मुंबईच्या शिंप्याकडनं शिवून आणलाय, तुझ्या सात पिढ्यांत कुणी असलं कापड हातात धरलं नसंल. खांद्यात बसतोय? वळ बघू. बसतोय. बाह्या जरा आखूड हायत, पर हात स्टेअरिंगवर असले की कुणाला कळतंय? आता टोपी. कानावर ओढ. आन् हा चष्मा. — बघ आता आरशात. कोण दिसतंय? निपाणीचे तंबाखूवाले मारुतीराव दिसत्यात, अखिल हिंदुस्थान मोटार ट्रायलचे तीन वर्षांचे चॅम्पियन. रवळू कुठं दिसतोय का? न्हाय. म्हणून तर तुला निवडला. तुला वाटलं, तू लढाईत लॉऱ्या हाकल्यास म्हणून? असले खाकीतले लॉरीवाले लढाई संपल्यापासनं माझ्या वखारीच्या दारात रोज उभे असतात, कोण खानापूरचा, कोण कुठला. मी उंची, खांदे आन् हनुवटी बघतो. बाकी हाकायला काय, माकडाला शिकवलं तर माकडबी हाकंल.

हसलास न्हवं? मिशीत हसलास, मी बघितलं. यात हसण्यासारखं काय हाय? कायदा समजून घे आधी. ट्रायलचा कायदा असा, की जो गाडीचा मालक त्यानंच हाकायची. पगारी ड्रायव्हर चालत न्हाय. साहेब लोकांनी केलेला कायदा, सभ्य माणसांचा खेळ हाय तो — तुमच्यासारख्यांना घेतलं तर उद्या टांगेवाले येतील कप मागायला. मला मान्य हाय कायदा. अगदी मान्य हाय. पर मला सांग, गाडी माझी, पेट्रोल माझं, टायर माझे, डोकं माझं — मग हात तेवढे दुसऱ्याचे असले तर बिघडलं काय? वखार मारुतीरावांनी बांधली असंच म्हणतात न्हवं सगळे निपाणीत? का मी गारा तुडवाय गेलतो?

आधी भरमा व्हता. कडोलीकडचा. माझ्याकडं तंबाखूची बैलगाडी हाकायचा, अक्षरशत्रू, उजवं-डावं विचारलं तर हाताकडं बघायचा. त्याला मी मोटारीवर बसवला. मी. आन् खांदे म्हणशील तर देवानं आम्हा दोघांना एकाच मापात कापलेलं. पुण्यास्नं निघायचं, बेंगळूरला जायचं आन् परत यायचं, वाटेत गावोगाव चौक्या. लोकांना वाटतं वेग, वेग — गाढवाला गुळाची चव काय? शर्यत न्हवं ती. उशीर झाला तर मार्क जातात, आन् आधी पोचलास तरी जातात. नेमक्या वक्ताला चौकीवर चाक लागलं पायजे. ते भरमाला जमायचं. कसं जमायचं ते त्यालाच ठावं, हातात घड्याळ न्हाय, आन् असतं तरी त्याला वाचता आलं नसतं. घड्याळ मी बघायचो. म्हंजे सगळं मीच करायचो म्हण की.

मी? मी बाजूला. आत्ता बसलोय तिथंच. खाकी घालून, तोंडाला तेल-काजळी चोळून, गाडी पुसणारा किन्नर, क्लीनर म्हणून. तीन वर्षं, लेका, पाच मजली वखारीचा मालक किन्नर म्हणून बसला. चौकी आली की किन्नरानं उतरायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, वाकून साहेबाला सलाम करायचा. चॅम्पियन वर कोटात बसून ऱ्हायचा, गप, मान ताठ. त्याला बोलूच द्यायचा न्हाय मी, तोंड उघडलं की बैलगाडीच बाहेर पडणार. मग पेपरात काय आलं माहीत हाय? ‘निपाणीचे मारुतीराव अत्यंत मितभाषी आहेत.’ मितभाषी! आमच्या राजाबाई ते वाचून दिवसभर पदराआड हसत व्हत्या. बायकोच ती, तिला काय कळतंय? शेवटच्या गावाच्या अलीकडं झुडपात जायचं, कोट माझ्या अंगात, खाकी त्याच्या अंगात, तोंड धुतलं की झालं. स्टेजवर मी. टाळ्या मला. आन् का नसाव्यात? धूळ दोघांनी सारखीच खाल्लती.

पर आमची निपाणीची माणसं — काय सांगू तुला. पैल्या वर्षी कप घेऊन आलो तर ही गर्दी, हलगी, ताशा. हार कुणाच्या गळ्यात घालावा? कप माझ्या हातात, कोट माझ्या अंगात, आन् हार नेऊन घातला भरमाच्या गळ्यात. तो बावळट हात जोडून उभा. मी म्हटलं, अरं किन्नर हाय तो. तर मागनं कोण तरी हसलं. का हसावं? एवढं एकदा मी गाडी गावातनं फिरवाय काढलती आन् ती जनावरांच्या हौदात गेलती — एकदाच — तर ती गोष्ट अजून पारावर चघळत्यात. लई वाईट गाव. माणूस वर चढला की ह्यांच्या पोटात दुखतंय. दुसऱ्या वर्षापासनं मी बेळगावातच सत्कार घेतला, कॅम्पात, साहेबांच्या संगं. तिथं हार योग्य गळ्यात पडतो.

काय विचारलंस? भरमाचं काय झालं? काय व्हायचंय, हाय की निपाणीत, मोटारस्टँडवर बसतोय विड्या ओढत. हिंडलग्याला जाऊन आला. तुरुंगात, मग कुठं? — तसं काय मोठं न्हवतं. तिसरा कप झाला त्या वर्षी मुंबईचा एक फोटोवाला आलता. म्हणाला, चष्म्याशिवाय फोटो पायजे, चेहरा दिसला पायजे, आन् गाडी पळती पायजे. आता चेहरा भरमाचा कसा दाखवणार? म्हटलं, मी बसतो. सरळ रस्ता, बेळगावच्या बाहेर, ना चढ ना वळण. भरमा आपला बाजूला बसून ‘हळू सोडा मालक, हळू सोडा’ — मला शिकवतोय. समोरनं वडगावचा एक साळी सायकलवर येत व्हता, तम्मण्णा म्हणून, मागं लुगड्यांचं गाठोडं. एवढा रस्ता मोकळा असताना ह्यानं माझ्याच बाजूला यायचं काय कारण? गाठोड्यामुळं तोल जात असंल, ह्या लोकांना सायकली कशाला पायजेत? मी ब्रेकच दाबला. ब्रेकच समजून दाबला मी — म्हंजे भरमानं. भरमा हाकत व्हता. गाडी काय थांबली न्हाय. लुगडी सगळी रस्त्यावर पसरली, हिरवी, लाल, आन् मला आधी वाटलं रंगच हाय तो. पाय गेला त्याचा. गुडघ्याच्या वर.

तर फौजदार आला. विचारलं, कोण हाकत व्हतं? आता तूच सांग, काय म्हणायचं? म्हटलं, ड्रायव्हर हाकत व्हता. मालक हाकतो का कुठं?

बरोबरच हाय की. ड्रायव्हर कशाला ठेवलाय? फोटोवाल्याची सोय लावली, तो मुंबईला गेला. आन् भरमा एक शब्द बोलला न्हाय. फौजदारानं दोनदा विचारलं, तर हा नुसता माझ्याकडं बघत ऱ्हायला. बोलायचं व्हतं, कुणी तोंड दाबलंतं? तीन वर्षं मी गप बस म्हणत आलो, ती सवय झाली असंल. मी त्याच्या घरात काय कमी पडू दिलं न्हाय. म्हंजे राजाबाईंनी दिलं न्हाय — ज्वारी, तेल, सणाला लुगडं, सगळं माझ्या घरातनं, माझ्या डोळ्यादेखत. तवापासनं ह्या गाडीत बसत न्हाईत त्या. संकेश्वरला माहेरी जायचं तर सर्व्हिस मोटारीनं जातात, लोकांच्या मांडीला मांडी लावून. चॅम्पियनची बायको! मी बोलत न्हाय. बायकांच्या नादी कोण लागतंय?

मग लढाई लागली, पेट्रोल बंद झालं, ट्रायल बंद. आता परत सुरू व्हतीय. आन् ह्या खेपेला कमिटीत कोण नवा शहाणा आलाय, त्यानं काढलं, की येत्या सोमवारी बेळगावात कॅम्पाच्या मैदानावर प्रत्येक मालकानं कमिटीसमोर गाडी हाकून दाखवायची. फेरी मारायची, चढावर उभी करायची, उचलायची. का? तर लोक काय काय बोलत्यात म्हणे. कोण बोलतंय? निपाणीचेच कोण तरी असणार. तर हा कोट, हा चष्मा आन् तू. तुला एवढंच करायचंय. फेरी मार, साहेबाकडं बघून मान हलव, तंबूमागं ये. पुढचं मी बघतो.

भरमाकडंच गेलतो आधी, खोटं कशाला बोलू. स्टँडवर, चार लोकांसमोर, मी — आपण होऊन. म्हटलं, झालं ते झालं, चल, दुप्पट देतो. तर त्यानं विडी विझवली, उठून उभा राहिला, नमस्कारसुद्धा केला, आन् म्हणाला, ‘मालक, आता तुमीच हाका.’ बघ म्हंजे किती मस्ती. बैलाच्या शेपटीपासनं उचलून आणलेला माणूस.

तुला काय वाटतं, मला कपाची हाव हाय? कपाटात तीन पडलेत, त्यात पाली अंडी घालत्यात. हे बघ, तंबाखूवाला म्हणून मी कलेक्टराच्या बंगल्यावर गेलो की बाहेरच्या बाकावर बसवत्यात, शिपाई नाकाला रुमाल लावतो, तपकिरीचा वास येतो म्हणतो. माझ्या बापाला जन्मभर त्या बाकावर बसवलं. आन् चॅम्पियन म्हटलं की साहेब खुर्चीतनं उठतो. उठतो, आन् हात पुढं करतो. तुला न्हाय कळायचं ते. सोमवारी जर त्या मैदानावर — न्हाय, मी परत त्या बाकावर बसणार न्हाय. मेलो तरी बसणार न्हाय. म्हणून म्हणतोय, तू फक्त गप ऱ्हा आन् हाक. आन् कधी काय झालंच रस्त्यात, कुणी आडवं आलं, तर घाबरायचं न्हाय, तेवढ्यापुरता कोट माझ्याकडं द्यायचा. समजलं? पोलिसासमोर कोट माझ्या अंगात आन् तू तुझ्या खाकीत. पगार त्याचाच असतो, रवळू.

इंजिन कशाला बंद केलंस?

मी उचल म्हटलं, बंद कर न्हाय म्हटलं. — उतरतोस कशाला? तम्मण्णा तुझा कोण लागतो का? न्हाय? भरमा? तोबी न्हाय. मग? मग तुझं काय गेलं त्यात? कोट काढतोस? काढ. नीट घडी घाल, असा बोळा करून टाकायचा न्हाय. चष्मा ठेव. ठेव तिथं. अरे व्वा, लष्करातनं आलेत, अब्रूदार झालेत. निपाणीपतोर चालत जाशील आता उन्हातनं, मग अब्रू पायाला चटके देईल. तुझ्यासारखे छप्पन्न मिळतात मला, उद्या सकाळी वखारीच्या दारात उंची मोजून घेतो एकेकाची. — काय करतोयस मागं? दगड? चाकाला दगड कशाला लावतोस? ब्रेक ओढलाय की. मला काय लहान पोर समजतोस? लाव. लाव आन् चालता हो. परत माझ्या दारात दिसलास तर माणसं घालून हाकलीन. जा म्हटलं न्हवं. बघतोस काय गाडीकडं? चॅम्पियनची गाडी हाय ती, तिचं मी बघून घेईन.

…

हॉर्न वाजला का? खालच्या वळणावर — सर्व्हिस मोटारीचा हाय. ह्या वक्ताला बाजार सुटतो, टपावरबी माणसं असत्यात, अख्खी निपाणी असती तीत.

रवळू. ए रवळू. ऐक की रं. नोकरी नगं तर नगं, माझं काय म्हणणं न्हाय. कोट घालूबी नगंस. इकडं बघ तरी — रवळूअण्णा, ओ रवळूअण्णा, गाडी तेवढी बाजूला लावून जावा.