हिरा खिडकीपाशी न्या

आधी ते स्टेजवरचे दिवे बंद करा. हो, तेच, मंडपवाल्याने हिऱ्याच्या डबीवर रोखलेले. सगळा जन्म आमचा हिरे घासायच्या घंटीच्या घरघरीत गेला, आणि माझाच मुलगा हिरा असल्या दिव्यांखाली मांडतो! या उजेडात सोड्याच्या बाटलीची काचसुद्धा चमकेल. गिऱ्हाइकाला भुलवायला दुकानवाले असं करतात, ते त्यांचं पोट आहे. पण इथे निम्मं सभागृह हिरे घासणाऱ्यांचं, आणि आपल्याच माणसाला निरोपाच्या दिवशी असं दाखवायचं? केले बंद? बरं. आता नमस्कार.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या समाजवाडीचे प्रमुख शामजीभाई, कारखान्याचे शेठ म्हणजे माझे चिरंजीव भूपत, सत्कारमूर्ती वालजीभाई, त्यांचे होणारे व्याही गोरधनभाई, आणि एक डोळा माझ्यावर व एक डोळा जेवणाच्या दारावर ठेवून बसलेल्या सर्व कारागीर बंधू-भगिनींनो, मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोन शब्दांत मी कधी कुणाला चहाही विचारलेला नाही, तेव्हा बसा निवांत. रोटले गरम राहतील, मी सांगून आले आहे.

वालजी आमच्याकडे आला तेव्हा त्याला मिशीसुद्धा धड नव्हती. आता डोळ्यांनी दगा दिला म्हणून घंटीवरून उठतो आहे. तो हिऱ्याचा तळ घासणारा. माथा घासणारे सुरतेच्या वराछात ढिगाने मिळतात. पण तळ चुकला की वरून शिरलेला उजेड खालून गळून जातो, आणि हिरा मधोमध काळा दिसतो, विहिरीत डोकावल्यासारखा. वालजीच्या हातून असा हिरा कधी उतरला नाही. एक उतरला. तोच आज या डबीत आहे.

का रे भूपत, खुर्चीत का सरकतोस? मी काय खोटं सांगते आहे?

तुमच्यापैकी नव्यांना ठाऊक नसेल, आमच्या कारखान्याची रीत भूपतच्या बापाने घातली. जो कारागीर निवृत्त होईल त्याला त्याच्याच घंटीवरून उतरलेला एक हिरा द्यायचा. बाजारातून आणलेला नाही, त्याच्या हातचा. रीत चांगली. पण कोणता द्यायचा, तिथे माणूस कळतो.

एक कच्चा हिरा आला होता, गुटगुटीत. कापून त्याचे दोन केले, एक थोरला, एक धाकटा. दोन्हींचे तळ वालजीकडे. मी त्या दिवशी भूपतचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा हे बोलणं माझ्या कानांनी ऐकलं.

वालजी म्हणाला, "शेठ, थोरल्याचा तळ अजून उतरवू द्या. खोल राहिलाय, उजेड गळतोय."

भूपत म्हणाला, "आणि वजन कॅरेटच्या खाली गेलं म्हणजे? बाजारात कोणी पुडी तरी उघडेल का?"

"पण शेठ, नाचेल तो."

"वालजीभाई, मला नाचवायचा नाही, विकायचा आहे."

वालजीने थोरला घंटीवरून उतरवला. शेठची चीज. थोरला कॅरेटच्या जरा वर ठेवला, पोट सुटलेला. धाकट्याकडे भूपतचं लक्ष नव्हतं, म्हणून तो वालजीने आपल्या मनासारखा घासला. ऐंशी सेंटचा उतरला, कॅरेटला वीस कमी.

मग थोरला हिऱ्यांच्या मिनी बाजारात गेला. दलाल त्याला फूटपाथवर, दिवसाच्या उजेडात धरायचे, पुडी मिटायचे आणि म्हणायचे, "भूपतभाई, तब्येत कशी आहे?" कळलं ना? हिऱ्याबद्दल अवाक्षर नाही. तेव्हापासून तो तिजोरीत झोपला आहे. आणि आज उठून, मखमलीत बसून, भेट झाला!

"बा, पुरे आता," आईला म्हणतो आहे माझा मुलगा. ऐकलंत ना सगळ्यांनी? माझ्यासमोर माइक आहे रे.

भूपत वाईट नाही. त्याला खरंच वाटलं की मोठा दिला म्हणजे मान मोठा. आणि त्याच्या कानाशी गोरधनभाईंनीही भुणभुण लावली होती. निराली, म्हणजे वालजीची मुलगी, हिचा साखरपुडा पुढच्या आठवड्यात आहे. हाच हिरा तिच्या अंगठीत बसायचा. गोरधनभाईंचं म्हणणं, कॅरेटच्या खाली नको, समाजात चार माणसं विचारतात. गोरधनभाई, तुमची भरतकामाची यंत्रं आहेत. साडीवर जरीची तार किती किलो चढली, हे तुम्ही नेसणारीला सांगता का?

हसलात. चांगलं झालं. आता उठाच, या इथे.

धाकटा मी घरून आणला आहे, पदराच्या गाठीत. भूपतने मला नाकात घालायला दिला होता. या वयात नाकात कंदील लावून मी कुठे फिरू? हा बघा पांढरा कागद. दोघांना तोंडं वर करून शेजारी ठेवते. चला माझ्याबरोबर त्या उत्तरेच्या खिडकीपाशी. शामजीभाई, माइकची वायर सोडा थोडी. हं. सांगा गोरधनभाई, मोठा कोणता?

हा? नक्की? पुन्हा बघा.

अहो, हा ऐंशी सेंटचा! हे मागचे टाळ्या वाजवतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, ते जेवणासाठी वाजवतात. तुमची चूक नाही. थोरल्याचं जास्तीचं वजन त्याच्या पोटात आहे. अंगठीत बसवला की पोट सोन्यात बुडालं. तोंड दोघांचं सारखंच, फक्त याच्या तोंडावर उजेड आहे. तुमच्या चार माणसांना तोंडच दिसणार ना? तराजू घेऊन साखरपुड्याला कोण येतं?

वालजी, डोळे पुसू नकोस, आधीच कमी दिसतं तुला.

कॅरेटचा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. उद्या नड आली तर विचारणारे वजनही विचारतील, हेही खरं. ज्याला थोरला हवा त्याने थोरला घ्यावा, पण या खिडकीत बघून घ्यावा.

अध्यक्षांनी मला अडवलं नाही, त्यांचे उपकार. स्वयंपाकघरातल्या बायांचे त्याहून जास्त. कुणाला लागेल असं बोलले असेन तर पोटात घाला, ताकाबरोबर उतरेल. भूपत, तुझी मी माफी मागणार नाही, तू घरी ये.

आता उत्तर, कोणता घ्यायचा त्याचं. भूपत, तू बोलायचं नाहीस, तुझी भेट देऊन झाली. गोरधनभाई, तुमचं बोट दाखवून झालं. वालजी, तू तर तोंडातून शब्द काढू नकोस, विचारलं की "शेठ म्हणतील तसं" म्हणशील. निराली, तू ऊठ. बोट तुझं आहे. इथे खिडकीत ये, दोन्ही हातात धर, हवा तेवढा वेळ घे, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं तूच सांग. तोवर कोणी जेवायला उठायचं नाही.