पाणबुड्याचं सहावं बोट

नाही, पण आमच्या हिचं म्हणणं असं, की म्हातारा माझ्यामुळे गेला! आता तुम्हीच सांगा, ब्याऐंशी वर्षांचा माणूस, छातीत पाणी झालेलं, तो काय माझ्यामुळे जाईल? मी फक्त 'नको' म्हणालो. कारण तुम्हाला सांगतो, आम्हा जमवणाऱ्यांचा एकच नियम... मूळ चित्राला हात लावायचा नाही.

मूळ चित्र म्हणजे जुन्या कॉमिकचं छापील पान नव्हे हो, ते कुणाकडेही सापडेल... चित्रकाराने स्वतः जाड कागदावर शाईने काढलेलं, फुग्यांतली अक्षरं कापून चिकटवलेलं, डिंक पिवळा पडलेला, समासात संपादकाची निळी पेन्सिल. छापून झालं की गठ्ठा रद्दीत! तसली एकशे सात पानं आहेत माझ्याकडे. कपाटात पानं, हिचे कपडे खुर्चीवर.

आणि त्यातलं सगळ्यांत नामी कोणतं? पाणबुड्याचं! बुडणाऱ्या बाईला कॉमिकचा नायक पाणबुड्या हात देतोय, पानभर नुसता हात, आणि त्या हाताला बोटं... सहा. तसंच छापलं गेलं, पोरांनी मोजून पत्रं पाठवली. सहा आहेत म्हणून तर मोल, पाच असती तर कुत्रं विचारत नव्हतं.

फक्त सही नव्हती. म्हणून विचारत विचारत गेलो चित्रकाराकडे. लेकीच्या घरी राहायचे, मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून जायचं. पान मांडीवर ठेवलं, तर बघतच राहिले. मला वाटलं, आनंदाने बोलायचं सुधरत नाही. कसला आनंद...

"त्या सकाळी बायको दवाखान्यात होती," म्हणाले. "छापखान्याचा माणूस दारात उभा. पान ओलंच ओढून नेलं. संध्याकाळी ती गेली, आणि तेव्हापासून मी सहाबोट्या. बावीस वर्षं चित्रं काढली हो, लोकांच्या लक्षात एवढंच." आणि लेकीला हाक, "अगं, पांढरा रंग आण."

तिने वाळलेल्या बाटलीत पाणी घालून काडीने ढवळलं, मला हळूच म्हणते, "दादा, चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं त्यांनी." पेला धरताना लटलट कापणारा म्हाताऱ्याचा हात, ब्रश धरल्यावर बघाल तर दगड! ब्रश आता सहाव्या बोटावर टेकणार... 'नको' म्हणत मी पान ओढलं. काय करू? मूळ चित्राला हात लावायचा नाही!

म्हातारा शांतपणे म्हणाला, "मीच काढलंय ते."

"म्हणून तर, काका."

"मग सही करणं म्हणजे हात लावणं नाही का?"

आता आली का पंचाईत! म्हटलं, "सही चालते. कोपऱ्यात. छोटी."

चिडतील म्हटलं, तर तेही नाही. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले, ब्रश धुऊन ठेवला, आणि सही केली. कोपऱ्यात. छोटी. हात असा कापत होता की एक अक्षर लागत नाही.

दोन आठवड्यांनी लेकीचा फोन. "बाबा गेले. शेवटचे चार दिवस चादरीवर बोटाने हात काढत होते. काढायचे, मोजायचे, परत काढायचे."

तुम्हाला सांगतो, लाज वाटते, पण मी विचारलं, "किती निघत होती?"

तिने फोन ठेवला.

आता पान काचेत आहे, भिंतीवर. येणारे वा वा करतात, मी मान खाली घालतो. वाईट वाटतं हो, फार वाईट वाटतं. एका बोटापुरता नियम मोडला असता तर कुणाचं काय गेलं असतं? मूळ चित्राला हात लावायचा नाही म्हणे... ज्याचं मूळ, त्यालासुद्धा? परवा हिने पांढऱ्या रंगाची नवी बाटलीच समोर आणून आदळली. "घ्या. आता तुम्हीच पुसा."

काच काढली. ब्रश घेतला. तासभर बसलो. पण नुसतं बोट पुसून भागत नाही हो, पुसलं की तिथली तळहाताची कड नव्याने काढावी लागते... आणि मला साधी रेघ सरळ येत नाही. चित्र काढता येत असतं, तर दुसऱ्यांची कशाला जमवत बसलो असतो?