बारा फुटी कॅप्टन

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय गेणभाऊ, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती हर्षाली, तिच्या मातोश्री सारजाबाई आणि जेवणाचा वास येत असूनही खुर्चीवर टिकून राहिलेल्या निरगुडसरकर बंधू-भगिनींनो,

मी धरमचंद, कापड दुकानदार. गावातल्या प्रत्येक सत्काराची शाल माझ्या दुकानातून जाते, त्यामुळे मला सत्कार जरा लवकरच सुचतात. दोन वर्षांपूर्वी हर्षाली विमान कंपनीच्या प्रशिक्षणाला निघाली. नुसती निघाली! ती एसटीत बसायच्या आत मी फाट्यावर तिच्या फोटोसकट बारा फुटी फ्लेक्स लावला, ‘कॅप्टन हर्षाली’. खाली शुभेच्छुक म्हणून माझं नाव. ते तिच्या नावापेक्षा मोठं होतं, हे आज कबूल करतो.

पुढे गावावरून विमान गेलं, की सारजाबाई खुरपं टाकून हात हलवायच्या. "माजी हर्षूच आसंल. लई नीट चालवती!" आम्हीही माना डोलवायचो. आणि हर्षाली कुठे होती? चार महिन्यांपासून पुण्यात एका क्लासमध्ये पोरांना गणित शिकवत होती.

मी माल आणायला गेलो, तेव्हा अचानक भेटली आणि रडलीच. म्हणाली, "काका, जमिनीवरच्या नकली विमानात बसवतात. मध्येच एक इंजिन बंद करतात आणि म्हणतात, आता उतरव. मी दोनदा चुकले. आमच्या अठरा जणांतले सात बाहेर पडले, त्यात मी. कुणी नापास, कुणी आपणहून सोडलं." अठरातले सात! मंडळी, फ्लेक्स लावताना हे आपण कुणी विचारलं होतं का?

मी म्हटलं, "मग घरी का नाही आलीस?"

"आधी फाट्यावरचा तो बोर्ड उतरवा. त्याच्याखालून कशी येऊ?"

माझ्या फ्लेक्सला घाबरून एक पोरगी चार महिने आईला भेटली नाही. मला फार लाज वाटली.

तडक फाट्यावर आलो, तर फ्लेक्स गायब! रोज तिथून जातो, पण वर बघतो कोण? आपल्या कुंडलिकनं तो कधीच नेऊन कांद्याच्या आरणीवर, शेतातल्या ढिगावर, अंथरला होता. वर मलाच म्हणतो, "शेठ, कांदा भिजत व्हता. कापड लई जाड हाय, राव!" मी फोन करून कळवलं, दुसऱ्या दिवशी हर्षाली आली. कांद्यावर स्वतःला उलटं पसरलेलं पाहून पोट धरून हसली आणि मग आईला सगळं सांगितलं.  सारजाबाई एवढंच म्हणाल्या, "आन् मी कुनाला हात हलवीत व्हते गं?"

उद्या ती पुन्हा निघते आहे. कंपनी दुसरी, परीक्षा तीच. या वेळी फ्लेक्स नाही. शाल आहे, पण ती पायलट होण्याबद्दल नाही. हर्षाली, तू घरी येऊन खरं सांगितलंस, त्याबद्दल आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. आणि हर्षाली, माझी ती बारा फुटी चूक तूही पोटात घाल. ये, शाल घे. पास झालीस तर जपून ठेव. नाही झालीस, तर पहाटेच्या एसटीत खिडकीशी गार लागतं, अंगावर घे आणि सरळ घरी ये.