तुबूचं सूप

नाही, चावत नाही तो. बसा ना ताई — पिंजरा मी इकडे ओढून घेते. तुबू नाव याचं. टोफूसारखा पांढरा होता म्हणून मुलीनंच ठेवलं. आता म्हातारपणानं पिवळा पडलाय. धाप ना? हृदयाची झडप नीट मिटत नाही, फुफ्फुसांत पाणी साचतं. विमानवाले घेईनात, म्हणून ही बोट. जन्मभर बुसानच्या शाळेत पोरांना शिस्त लावली मी, पण याला गोळी गिळायला शिकवता आलं नाही — रताळ्यात लपवली, तर रताळं खातो आणि गोळी थुंकतो.

हो, जपानला, हाकाताला. मुलगी तिथे असते, हेवॉन; याला तिच्याकडे सोडायला चाललेय. जावई जपानी — लग्नावरून आमचं बिनसलं, ते जाऊ दे. तेव्हापासून फोन येतो तो याच्यासाठी. “आई, तुबू जेवला का? खोकला कसा आहे?” ‘आई, तू कशी आहेस’ असं काही — असो. जपानात कुत्रा न्यायचा तर रक्त तपासून सहा महिने थांबावं लागतं. लोक वैतागतात त्याला. माझे मात्र फार चांगले गेले. रोज फोन! आता तुबू तिच्याकडे गेल्यावर कशाला येईल?

पहाटे सूप केलं त्याला. वाळवलेल्या माशाचं — अशक्त कुत्र्याला आपल्याकडे तेच देतात ना? प्रवासाला ताकद हवी. खारटपणा उतरेपर्यंत माशाचं पाणी बदलत राहायचं, हे मला ठाऊक आहे. मीठ याला विषासमान, असं डॉक्टरांनी बजावलंय. आज एकदाच बदललं. घाई होती. घाई कसली म्हणा, बोट तर दुपारची. पण मुद्दाम नाही हो! जरा मलूल झाला, तर आजचं जाणं टळेल, एवढंच — नाही, तसंही काही मनात नव्हतं. वाडगा चाटूनपुसून स्वच्छ केला त्यानं, आणि माझ्याकडे बघून शेपूट हलवली.

थांबा. हिरड्या बघा याच्या. निळसर दिसताहेत का? इथला उजेडच तसा असेल — नाही. निळ्याच आहेत.

ऐकली, ऐकली घोषणा. बोट राहू दे, टॅक्सी कुठे मिळेल? आमचा दवाखाना काही लांब नाही. पिंजरा नको, मी उचलते — आणि हा फोन. तीच असणार. घेते. घ्यायलाच हवा.

हेवॉन, ऐक. तुबूला मी खारट सूप पाजलं. हो, मी. मध्ये बोलू नकोस, आधी ऐकून घे —

तुम्ही जा ना ताई! रांग पुढे सरकली तुमची. उभ्या काय राहिलात?