शमुवेल मास्तरांचा पाठ

…नाही, पण मला सांगा, चौदा वर्षं! चौदा वर्षं ज्या माणसानं पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला, बोरवाडीसारख्या गावात, एका खोलीच्या शाळेत, चार-चार यत्ता एकट्यानं शिकवल्या, बाराखडीपासून त्रैराशिकापर्यंत, पोरांची नाकं पुसली, खरजेला गंधक लावलं, अख्ख्या गावाची पत्रं वाचली आणि अख्ख्या गावाची पत्रं लिहिली, त्या माणसाला तुम्ही विचारता, 'तुम्हाला शिकवता येतं, याला पुरावा काय?' अहो, मग चौदा वर्षं तो काय शेरडं राखत होता? पण स्कूल बोर्डापुढं बोलायची सोय आहे का! शमुवेल मास्तर सातवीची फायनल पास होते, अक्षर असं की तलाठी स्वतःचे कागद त्यांच्याकडून लिहून घ्यायचा, अंगात ताप असला तरी एक दिवस शाळा बंद नाही. सगळं खरं हो… पण मास्तर ट्रेंड नव्हते!

आता ट्रेंड म्हणजे काय? तर शिकवायचं कसं, हे ज्याला दुसऱ्या कुणीतरी शिकवलंय आणि तसा कागद हातात दिलाय, तो ट्रेंड. उद्या तुम्ही पुण्याहून बी.ए. झालेला माणूस आणा, फाडफाड इंग्रजी बोलणारा, त्याला बिगरीच्या वर्गावर उभा करा. बोर्ड त्यालाही विचारणार, 'ट्रेंड आहात का?' म्हणजे वकील व्हा, मामलेदार व्हा, काय वाट्टेल ते व्हा, पण 'ग गणपतीचा' शिकवायला कागद पाहिजे! आणि तुम्ही म्हणाल, नसेना का कागद, अडलंय कुठं? अहो, बदलीपाशी अडलंय! ट्रेंड नसलेल्यानं बदली मागायची नाही, असा बोर्डाचा खाक्या. आणि मास्तरांची बायको, साराबाई, ती प्रवरेकाठी कोल्हारला. मुलींच्या शाळेत मास्तरीण. आणि तुम्हाला सांगतो, ती ट्रेंड! मिशनच्या ट्रेनिंग शाळेतून पहिल्या नंबरानं! तिनं नोकरी सोडून बोरवाडीला यावं, तर एकाच्या अनट्रेंड पगारात खायचं काय, आणि त्यांनी जावं, तर बदली नाही.

त्यांची मरिया म्हणून आठ वर्षांची पोरगी. बापाला बघायची कधी, तर नाताळात चार दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीत जावं, तर बोर्ड मास्तरांना रेशनची कार्डं लिहायला बसवायचं, लढाई चालू होती ना. तर त्या चार दिवसांत काय व्हायचं, पोरगी पहिल्या दिवशी आईच्या पदरामागं. दुसऱ्या दिवशी त्यांना 'मास्तर' म्हणणार. तिसऱ्या दिवशी कुठं 'बाबा' म्हणून मांडीवर येऊन बसायची, आणि चौथ्या दिवशी मास्तरांची पिशवी भरलेली! काय करणार, ट्रेंड नव्हते.

तर पंचेचाळीस साली लढाई संपली आणि बोर्डाला दया आली. हुकूम निघाला, जुन्या मास्तरांनी बाहेरून परीक्षेला बसावं. मास्तरांनी काय अभ्यास केला म्हणता! बालमन म्हणजे काय, अवधान म्हणजे काय, खडू कुठल्या बोटांत धरायचा… चौदा वर्षं चुकीच्या बोटांत धरला होता बरं का! सगळे लेखी पेपर पास! एकच राहिलं. पाठ. साहेबांसमोर उभं राहून एक पाठ घेऊन दाखवायचा, आणि तो निदान वीस मुलांपुढं.

आणि इथंच तर घोडं पेंड खातं! बोरवाडीत वीस मुलं आणायची कुठून? शाळेच्या पटावर तेवीस. पण दिवाळी सरली की गावानं गाड्या जुंपल्या, भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं सगळं गाडीत घातलं आणि चालले प्रवरेकडं ऊस तोडायला. ते परत येणार गुढीपाडव्याला. मागं कोण? म्हातारीकोतारी, दोन कुत्री आणि शमुवेल मास्तर. का, तर नाव पटावर आहे ना, मग शाळा उघडीच पाहिजे! अकराला कुलूप काढायचं, पाचाला घालायचं. मधे काय करायचं ते बोर्डानं लिहिलेलं नाही.

माघात शाळा तपासणारे डिप्टीसाहेब पाठ बघायला आले, छकड्यात बसून, नाकाला रुमाल लावून.

'पट किती?'

'तेवीस, साहेब.'

'हजर?'

'मी, साहेब.'

'तुम्हाला सोडून, अहो!'

मास्तरांनी सगळ्या खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, 'तुम्ही, साहेब.'

साहेब माणूस वाईट नव्हता. रुमाल काढला, पाणी प्यायला, म्हणाला, 'हे पाहा, शिमग्याच्या आधीच्या सोमवारी नगरला या. ट्रेनिंग कॉलेजाच्या सरावशाळेत तुम्हाला वर्ग देतो, चाळीस मुलांचा. एक पाठ घ्या, सुटा. मग बदलीचा अर्ज माझ्याकडंच येईल.' छकडा गेला. मास्तर धुळीकडं बघत किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. कोल्हार! एक पाठ घेतला की कोल्हार!

झालं, मास्तर तयारीला लागले. विषय घेतला, 'आपल्या जिल्ह्यातील नद्या'. टाचण काढलं, हेतू काय, प्रस्तावना काय, फळ्यावर काय लिहायचं, सगळं रकाने पाडून. आणि रिकाम्या खोलीपुढं उभे राहिले. 'मुलांनो, आपल्या जिल्ह्यातल्या एका नदीचं नाव सांगा पाहू.' आता तुम्हीच सांगा, प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला नको? उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न घशातून निघत नाही, कुठल्याही मास्तरला विचारा! पहिल्या दिवशी मास्तरांनी उत्तर मनात धरलं. दुसऱ्या दिवशी पुटपुटले. तिसऱ्या दिवशी काय झालं, ते तिसऱ्या रांगेकडं वळले आणि नाकातून, अगदी तिथं बसणाऱ्या कानिफनाथ नावाच्या पोरासारखं ओरडले, 'गुर्जी, गंगा!' कारण कानिफनाथाला काहीही विचारा, सगळ्यात उंच पर्वत विचारा, तो गंगाच सांगायचा! मग मास्तर त्याला रागावले. मग पुष्पावती उठली, ती बोलायची एका दमात, मधे श्वास नाही, 'गोदावरीप्रवरामुळासीनाभीमाघोडगुर्जी!' मग गोरक्षनाथ, बोबडा, त्याला र यायचा नाही, 'गुल्जी, पवला!' आणि मास्तर हसले हो. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणीतरी हसलं.

मग काय, रोजचंच झालं. तेवीसच्या तेवीस आवाज! एकमेकांच्या खोड्या काढायचे, मास्तर त्यांना उभं करायचे, ते रडायचे, मास्तर समजूत घालायचे. एके दिवशी दुपारी भागूबाई धावत आली. म्हातारी शाळेच्या मागं राहायची. नातू म्हणजे हाच बोबडा गोरक्ष. 'मास्तर, आली व्हय पोरं? माजा गोरक्ष आला न्हवं? आत्ता आवाज ऐकला म्या!' दारात उभी, धापा टाकतेय, सगळ्या कोपऱ्यांत बघतेय. काय सांगणार? मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खालमानेनं म्हणाले, 'भागूबाई, तो मीच होतो.' तुम्हाला सांगतो, ही म्हातारी म्हणजे, मास्तर ख्रिस्ताव म्हणून चौदा वर्षं त्यांना पाणी वरून ओतायची, शाळेच्या उंबऱ्याला कधी शिवली नव्हती. ती उंबरा ओलांडून आत आली, गोरक्षाच्या जागी बसली, फतकल मारून, आणि म्हणाली, 'मास्तर… अजून एकडाव बोला की त्येच्यावानी.' मास्तर बोलले. रोज बोलायला लागले. म्हातारी रोज यायची, तोंडाला पदर लावून ऐकायची, आणि जाताना म्हणायची, 'तुमी हाय म्हनून बरं हाय, मास्तर.' मास्तरांनी तिला नगरचं काही सांगितलं नव्हतं. पण बोरवाडीत काय लपतं? तिला सगळं कळलं होतं. मास्तर ट्रेंड झाले की जाणार!

सोमवार आला. मास्तर पहाटे चालत पाथर्डीला, तिथून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, चढ आला की सगळे उतारू खाली उतरून ढकलणार. दुपारी नगरला पोचले, तोंड धुतलं, कोट झटकला, मनातल्या मनात प्रार्थना केली, 'प्रभू, एवढा एक पाठ!', आणि वर्गात शिरले. चाळीस मुलं! तेल लावलेली, भांग पाडलेली, घडी घातल्यासारखी गप्प. मागच्या भिंतीला डिप्टीसाहेब, वही उघडून.

मास्तरांनी प्रस्तावना केली, झकास. खडू बरोबर बोटांत. आणि विचारलं, 'मुलांनो, आपल्या जिल्ह्यातल्या एका नदीचं नाव सांगा पाहू.' चाळीस हात वर! चाळीस हो! कुणाकडंही बोट करायचं, संपलं! पण साडेतीन महिने ज्या माणसानं हात वर झालेला बघितलाच नाही, त्याला हात दिसणार कसा? मास्तर वळले तिसऱ्या रांगेकडं आणि नाकातून ओरडले, 'गुर्जी, गंगा!'

चाळीस हात हळूहळू खाली आले. आणि मास्तरांनी डोळे वटारले. 'कानिफ, खाली बस! गंगा तुझ्या वावरातून जाते का?' मग पुष्पावती उठली, एका दमात सहा नद्या. मग गोरक्ष, 'गुल्जी, पवला!' अहो, वर्ग फुटला! पोरं बाकांवर लोळायला लागली, डिप्टीसाहेबांनी रुमाल तोंडात घातला, आणि मास्तरांना पत्ताच नाही! त्यांना वाटलं, आपल्याच वर्गात चाललंय. त्यांनी गोंधळ करू नका म्हणून दोघांना दटावलंसुद्धा, तेही बोरवाडीच्या पोरांची नावं घेऊन! मग विचारलं, 'प्रवरेच्या काठची गावं कोणती?' आणि पुष्पावतीच्या आवाजात सुरू झाले, 'अकोलेसंगमनेरकोल्हार…' आणि अडकले. कोल्हारपाशी आवाज फुटेना. पुष्पावतीचाही नाही, त्यांचा स्वतःचाही नाही.

तेवढ्यात पुढच्या बाकावरचं एक गोरंगोमटं पोर उभं राहून हळूच म्हणालं, 'आणि नेवासं, गुर्जी.'

मास्तर केवढ्यानं दचकले! खडू पडला. त्या पोराकडं बघतायत, बघतायत, आणि म्हणतात काय, 'अरे… तू कोण?'

मग दिसली त्यांना चाळीस मुलं. सगळं कळलं. कसाबसा पाठ आवरला आणि बाहेर येऊन कॉलेजाच्या पायरीवर बसले. गेलं. चौदा वर्षांनी दार उघडलं होतं, ते आपल्याच हातानं लावून घेतलं! नगरहून कोल्हार जवळ, कोल्हारवरून मनमाडकडं जाणारी मोटार समोर उभी. पण जाऊन साराला सांगायचं काय? ट्रेंड बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं, की मला मुलांना प्रश्न विचारता येत नाही? मास्तर पाथर्डीच्या मोटारीत बसले. चढाला उतरून ढकलायलाही लागले.

पाडवा झाला, गाड्या परतल्या, पोरं आली. खरी! काळी पडलेली, हातापायांना उसाच्या पाचटाचे ओरखडे. आणि त्याच आठवड्यात बोर्डाचा लिफाफा. मास्तरांनी भीत भीत फोडला. पास! पास हो! शिक्कामोर्तब केलेला कागद, श्री. शमुवेल, ट्रेंड शिक्षक! मास्तर चौदा वर्षांत पहिल्यांदा वर्ग तसाच टाकून बाहेर अंगणात गेले आणि मोठ्यानं 'सारा!' म्हणाले. पोरं दारात गोळा. तोवर वाऱ्यानं लिफाफ्यातला दुसरा कागद खाली पडला. पुष्पावतीनं उचलून आणून दिला. साहेबांचा शेरा होता, आणि खाली बोर्डाचा हुकूम.

शेरा म्हणतो, 'सदर शिक्षकांची विद्यार्थ्यांविषयीची माया असाधारण आहे. वर्गात एकही मूल नसतानाही ते वर्ग जिवंत ठेवू शकतात. जेथे निम्मे वर्ष मुले नसतात, अशा शाळेस याहून योग्य शिक्षक मिळणे नाही.' आणि हुकूम म्हणतो, 'शेऱ्यास अनुसरून सदर ट्रेंड शिक्षकांस बोरवाडी येथेच कायम करण्यात येत आहे. बदलीचा अर्ज करू नये.'

आता याच्यावर काय बोलायचं, मला सांगा! ट्रेंड नव्हते म्हणून जाता येत नव्हतं. आता ट्रेंड झाले म्हणून जाता येत नाही! आणि साहेबानं तारीफ केली होती हो, मनापासून तारीफ! भांडायचं तरी कुणाशी?

गावानं तर गूळ वाटला. 'मास्तर आपल्यातच ऱ्हायलं!' हलगी आणायला माणूस धावला. भागूबाई गोरक्षाचा हात धरून आली, मास्तरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, हाताला हात लागला तरी तिला भान नाही, आणि डोळे पुसत म्हणाली, 'मढीला नवस बोलले हुते मास्तर, कानिफनाथबाबाला. म्हनलं, पास व्हऊ दे, पन जाऊ नगं दिऊस. बाबानं दोनी ऐकलं बगा!' मास्तरांनी तो गूळ खाल्ला. म्हणाले, 'गोड आहे.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी साराला कार्ड लिहिलं. आठवड्यातून एकदा येणारा पोस्टमन, श्रीमंत नावाचा, समोरच उभा होता. त्यानं कार्ड घेतलं आणि तिथंच वाचलं, सगळ्यांची वाचायचा तो. 'प्रिय सारा, सलाम. मी ट्रेंड झालो. येत नाही.' श्रीमंतानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं.

'मास्तर, निम्मं कार्ड कोरं हाय की! लिवा अजून कायबाय, पैसं तेवढंच पडत्यात.'

मास्तरांनी कार्ड परत घेतलं, टाक बुडवला, बराच वेळ पोरांचा खेळ बघत बसले, आणि खाली लिहिलं, 'बाकी सर्व ठीक.'

'हां!' श्रीमंत म्हणाला, 'आता कसं भरल्यावानी दिसतंय!'