टोप काढल्यावर

ताई : मला वाटलं, हसू येईल. आलंच नाही. दार उघडतं काय, आणि समोर आईचा गाउन, आईचा चष्मा, डोक्याला आईचा रुमाल, आणि आत तू!

धाकटा : मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं, आता हसू फुटेल. आरशात बघितलं. मग भात निवत होता, म्हणून गेलो आत.

ताई : दाढी दोनदा करतोस की काय?

धाकटा : आईला खुंट कुठे होते?

ताई : तो नर्सवाला सिनेमा आठवतो? ड्रायव्हर नर्स होऊन बायकांच्या वॉर्डात शिरतो तो. बाबा हसून हसून खुर्चीवरून घसरायचे.

धाकटा : त्यात काय होतं? कंबर हलवली, आवाज बारीक केला, की झाली बाई! त्यापेक्षा भाड्याच्या खोलीवाला सरस.

ताई : तो? रटाळ. खोली विधवेलाच मिळणार म्हणून कारकून बाई होतो, आणि अर्धा सिनेमा नुसता बटणं लावत बसतो.

धाकटा : तेच तर. तो काही करतच नाही. मी आधी आवाज बारीक केला, तर बाबा म्हणाले, "घसा बसलाय का तुझा?" मग आपल्याच आवाजात खेकसलो, "तोंड उघडा आधी!" लगेच उघडलं. आई म्हणजे आधी ओरडा, मग फुंकर, मग घास.

ताई : पण दोन्ही सिनेमांत शेवटी केसांचा टोप निघतोच ना? सांगून टाकू त्यांना. आईला जाऊन चार महिने झाले रे.

धाकटा : टोप निघाला की सिनेमा संपतो. इथे दुसऱ्या दिवशी परत न्याहारी असते.

ताई : तरी किती दिवस फसवायचं?

धाकटा : तीनदा सांगितलं मी. तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळले. अन्नाला शिवले नाहीत. आणि मग एका सकाळी, "ही अजून बाजारातून आली नाही?" तिन्ही वेळा आई नव्यानं गेली, ताई. चौथ्यांदा तू सांग. माझ्यात काही उरलं नाही.

ताई : मग मी घालते गाउन. मी निदान बाई तरी आहे.

धाकटा : तू रविवारी परत जाशील. म्हणजे पुन्हा आई गेली.

(आतल्या खोलीत काठी आपटल्याचा आवाज.)

ताई : बोलावतायत.

धाकटा : नाही गं, कूस बदलताना पडते. बस तू.

ताई : गाउन काढून जातोस की नाही कधी? मुलगा म्हणून?

धाकटा : जातो की. पंखा दुरुस्त करणारा समजतात. परवा म्हणाले, "पैसे आमच्या हिच्याकडून घ्या."

ताई : वाईट नाही वाटत तुला?

धाकटा : वाटायला हवं. काहीच वाटत नाही. नुसता बधिर झालोय. म्हणून तर गाउन सोडवत नाही.

ताई : म्हणजे?

धाकटा : गाउनात असलो, की दोन घासांनंतर थांबतात. माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "धाकटा जेवला का गं?" रोज विचारतात.

ताई : मग काय सांगतोस?

धाकटा : जेवला म्हणून सांगतो. त्याशिवाय पुढचा घास घेत नाहीत.

ताई : आणि जेवलेला असतोस?

धाकटा : त्यांचं झालं की बसू, म्हणतो. मग राहूनच जातं.